निम्म्या रंगाचं गाव

तांड्यात सकाळी कोणी दार वाजवत नाही. दार सताड उघडं असतं. येणारा अंगणातूनच खाकरतो, नाहीतर "हाय का कोनी?" म्हणत थेट चुलीपाशी येऊन बसतो. दार वाजवलं म्हणजे जनगणनेवाला, नाहीतर पोलीस. म्हणून त्या सकाळी उघड्याच दारावर बोटाच्या पेराने टकटक झाली, तेव्हा गोमतीबाईंच्या ओठाला लागलेली चहाची बशी तिथेच थांबली, बाजेवर लवंडलेले हरिसिंग नाईक उठून बसले, आणि ज्वारीचं पीठ मळणाऱ्या सुनेला हुकूम सुटला.

"निता, पाह्य वं, कोन मेलं."

सून पिठाच्या हाताने उठली. निता हे काही तिचं नाव नव्हतं. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या रामकिसनभाऊंची ती लेक, निकिता. वाशीमच्या कॉलेजात बी.ए. करताना एसटीत राजपालशी ओळख झाली, ओळखीचं जे व्हायचं ते झालं, आणि दोन साक्षीदार गाठून लग्न उरकून ती पोहरादेवीच्या रस्त्याला लागून असलेल्या या तांड्यावर आली. मालेगावात नव्या नवरीचं नाव बदलतात तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात, पेढे वाटतात, नवरीला विचारल्यासारखंही करतात. इथे गोमतीबाईंनी उंबऱ्यात उभं राहून तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "थोरली रीता हाय. हे निता. हाका माराले सोपं." म्हशीला दावं दाखवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. थोरली रीता पुढे नवऱ्यासोबत अकोल्याला निघून गेली, हाक मारायला एकच सून उरली, तरी नाव काही परत आलं नाही. आता तर निकिताची लेक राखीसुद्धा, आईचं नाव विचारलं की बेधडक 'निता' सांगे.

दारात अमरदीप उभा होता. हरिसिंग नाईकांचा धाकटा पोरगा, राजपालचा भाऊ, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला. पाठीवर कासवासारखी बॅग, दाढी अशी कोरलेली की न्हाव्याने मोजपट्टी धरली असावी.

"गुड मॉर्निंग वहिनी. येऊ का आत?"

"सोताच्या घरचं दार वाजवते!" आतून गोमतीबाई कडाडल्या. "पुन्यात संडासात जातानी बी वाजवतं का रे?"

"वाजवावंच लागते याडी. आत दुसरा असते."

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले एवढेच दोन-चार शब्द अमरदीपने पुण्यापर्यंत शाबूत नेले होते, आणि तेही घरी आल्यावरच बॅगेतून काढल्यासारखे बाहेर यायचे. बाकी त्याची बोली आता अशी झाली होती की आरंभ पुण्यात व्हायचा, शेवट मानोऱ्यात.

पाणी झालं, चहा झाला, आणि पोरगा सुट्टी नसताना कायले आला हे उलगडलं. त्याची कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवत होती. तांड्यात गोमतीबाईंनी सांगून ठेवलं होतं की लेक कॉम्प्युटरमध्ये मोठा साहेब आहे. आता साहेब सगळ्यांसमक्ष सांगत होता की तो खेळ बनवतो.

"इंजिनेरी करून पोट्टं खेळते," त्या हरिसिंगांना म्हणाल्या. "याच्यासाठी म्या बकऱ्या इकल्या."

"खेळत नाही याडी, डिझाइन करतो. हिस्टॉरिकल आहे. चारशे वर्षांपूर्वीचा काळ, राजे, शहरं, बंदरं. त्यातला कल्चरचा सगळा भाग माझ्याकडे आहे."

कल्चर माझ्याकडे आहे, हे तो असं म्हणाला जसं एखादा म्हणतो पंपाची चावी माझ्याकडे आहे. निकिता भाकरी थापता थापता ऐकत होती. तिला इतिहास आवडायचा, बी.ए.ला तोच होता.

खेळात लढाई करून गावं जिंकता येतातच, पण अमरदीपचा अभिमान वेगळ्या गोष्टीचा होता. न लढता जिंकायचं. शहरात देऊळ बांधायचं, बाजार वसवायचा, जत्रा भरवायची. की शहराचा रंग नकाशावर चौकोना-चौकोनाने पसरू लागतो, पाण्यात निळीचा थेंब पडावा तसा. शेजारच्या गावाच्या स्वतःच्या रंगापेक्षा तुमचा रंग गडद झाला की त्या गावाची निष्ठा पातळ होते, आणि एक दिवस ते गाव आपल्या पायाने येऊन तुमचं होतं. रक्ताचा थेंब नाही. ढोल वाजतो आणि पाटी येते, 'ग्रामस्थांनी आनंदाने तुमची संस्कृती स्वीकारली.'

"आनंदानं?" निकिता तव्याकडे बघतच म्हणाली.

"हो वहिनी. पॉझिटिव्ह फील पाहिजे ना."

"अन् आपला तांडा हाय का त्याच्यात?" हरिसिंगांनी विचारलं.

आहे ना, म्हणत अमरदीपने लॅपटॉप उघडला. बैलांची रांग, पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या, पुढे घेरदार घागऱ्यातली बाई. सुरेख होतं सगळं, कौड्यासुद्धा चमकत होत्या. हा तांडा शहरात पोचला की शहराचा रंग एकदम उसळी घेतो.

"अन् मंग तांडा?"

"तांडा मग... वापरला जातो. म्हणजे शहरात विलीन होतो."

"म्हंजे जाते," हरिसिंग म्हणाले.

"जात नाही बा. विलीन होतो."

"बैल बी?"

अमरदीपने मग खेळाचा नियम समजावला. तांड्याला भिंती नाहीत, देऊळ नाही, बाजार नाही. म्हणून खेळाच्या हिशेबात त्याचा स्वतःचा रंग शून्य. दुसऱ्याला द्यायला भरपूर, ठेवायला काही नाही. आणि हा नियम परमुलखातल्या कोणा गोऱ्याने केला नव्हता. याच घरात, याच बाजेवर तीट लावून झोपवलेल्या पोराने, एसीत बसून केला होता. निकिताला आश्चर्य वाटलं नाही. तांड्यातून निघून शहरात विलीन झालेला एक माणूस समोर बसून कपाने चहा पीत होता, आणि तो आपलीच गोष्ट सगळ्या मुलखाची म्हणून सांगत होता.

तर त्याचं काम असं होतं. तांडा शहरात शिरतो त्या क्षणी एक गाणं वाजायला हवं होतं. कंपनीने मुंबईच्या गायिकेकडून गाऊन घेतलेलं, पण ते लग्नाच्या हॉटेलात वाजवतात तसलं झालं. मग अमरदीपने मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलं, माझी आई तीजेची गाणी म्हणते. मी आणतो. ओरिजिनल.

निकिताच्या हातातली भाकरी जराशी वाकडी पडली. कारण तांड्यात तीजेची गाणी गेली कैक वर्षं गोमतीबाई म्हणत नव्हत्या. दम्याने त्यांचा श्वास दुसऱ्या ओळीलाच तुटायचा. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, पाणी घालतात, भोवती फेर धरतात, तेव्हा पुढे उभी राहून गाणं सांगायची ती निकिता. पहिली वर्षं घरातले मुद्दाम गोरबोलीत बोलायचे, नव्या सुनेला कळू नये म्हणून. तिने चुलीपुढे बसून, तोंड मिटून, ती बोली ओढून घेतली. ज्या पोरीने माहेरी अंडं हातात धरलं नव्हतं ती मटण शिजवायला शिकली. आणि गाणी तर अशी शिकली की तांड्यातल्या लखमाच्या पोरीला आता सासरी कोणी तांड्याचं गाणं विचारलं, की ती निताकाकीला फोन लावते.

ती वाट बघत राहिली. अमरदीप तिच्याकडे वळला.

"वहिनी, अजून अर्धा कप होईल का?"

मूर्ख बाई, तिने स्वतःला सांगितलं, आणि आधण ठेवलं.

गोमतीबाईंना मात्र लेकाने गाणं मागितलं याचा जेवढा आनंद झाला तेवढाच तो त्यांनी रागात बुडवून टाकला. "आता? चैत्रात? तीज श्रावनात असते, गाढवा. टोपलीत अंकुर नाई अन् गानं म्हनायचं? मयताबिगर रडनं झालं थे."

"याडी, नुसतं रेकॉर्ड करायचं आहे. कोणाला कळणार?"

"मले कयन."

साहेबांनी त्यावर उपाय काढला. दुपारी राजपालच्या पिकअपमधून मानोऱ्याला जाऊन मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या हिरव्या गवताचा तुकडा घेऊन आले आणि टोपलीत अंथरला. गोमतीबाई टोपलीकडे बघत राहिल्या.

"हे गाढवाले दाखवू नको बाप्पा. थे बी हासन."

शेवटी त्यांनीच तोड सांगितली. गहू पेरायचे. कूलरच्या खोलीत ठेवले तर येतील. पण तीज बसवायची तर नाईकाची परवानगी लागते; दरवर्षी पोरी जमून हात जोडून नाईकासमोर उभ्या राहतात. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हणजे घरचेच हरिसिंग, पण रीत ती रीत. आणि गरज तर अमरदीपची. तेव्हा दाढी कोरलेला, पाच भाषांत प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर बापासमोर हात जोडून उभा राहिला आणि पोरींनी म्हणायचं ते वाक्य त्याने पुटपुटत म्हटलं. अंगणात जमलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले.

हरिसिंगांनी फार गंभीरपणे विचारलं, "लगन झालं नाई ना तुहं?"

"नाही बा."

"मंग चालते. बसव तीज."

गहू रुजेस्तोवर थांबणं आलं. कंपनीला ताप आल्याचं कळवून अमरदीप थांबला, आणि बसल्या बसल्या काय करावं म्हणून त्याने आईला खेळ दाखवला. ही त्याची चूक. किंवा कंपनीच्या दृष्टीने, पहिली खरी परीक्षा.

गोमतीबाईंना अक्षर ओळख नव्हती, पण खेळाला अक्षरं लागतच नव्हती. रंग लागत होते. तुला कोण व्हायचंय, असं लेकाने विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, तांडाच घेईल.

"तांडा घेऊन काय माश्या मारू? थे लाल शहर दे मले. मोठ्ठं."

दोन दिवसांत त्यांनी असा काही मुलूख लाल करून टाकला की अमरदीप वहीत टिपणं काढू लागला. त्यांची खेळायची तऱ्हा निकिताने भाकऱ्या करता करता पाहिली, आणि ओळखली. म्हातारी देवळं फार बांधत नव्हती, जत्रांवरही उधळत नव्हती. ती आधी शेजारच्या गावाची वाट आपल्या बाजारातून वळवायची, म्हणजे मीठ-मिरचीला यावं तर इथेच यावं. मग त्या गावाचा सण ज्या दिवशी, त्याच दिवशी आपला सण ठेवायची. मग गप्प बसायची. गाव कुढतं, पातळ होतं, आणि ढोल वाजतो. नव्या सुनेचं माहेरी जाणं नेमकं भुलाबाईच्या दिवसांतच कसं अडायचं, हे निकिताला इतक्या वर्षांनी नकाशावर रंगवून मिळालं. भुलाबाईच्या त्या मातीच्या मूर्तीसमोर मालेगावात आश्विनात पोरीबाळी रोज गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. लग्नानंतर एकदाही निकिताला ते दिवस माहेरी मिळाले नाहीत. कधी ऐन सोंगणी, कधी सासऱ्यांचं दुखणं, कधी "मातीच्या बाहुलीसाठी यवढ्या लांब जातं का?" बरं, माहेराने तरी दार पुरतं कुठे उघडलं होतं? गोजराबाई, तिची आई, लेक गेली की तिला ओट्यावर बसवून खाऊ घालायची, शेजारणींच्या देखत आत बोलवायला अजून कचरायची. सगळ्यांचेच नकाशे, सगळ्यांचेच रंग.

"घ्या!" गोमतीबाईंनी टाळी वाजवली. अजून एक गाव पडलं होतं. पडद्यावर छोट्या छोट्या माणसांनी पटापट कपडे बदलले. पण घरांचा लाल रंग शहरासारखा गच्च नव्हता. ऊन खाल्लेल्या लुगड्यासारखा फिका.

"हे असं पुसट काहून?" त्यांनी विचारलं.

"ते विलीन गाव आहे ना. त्याचं कल्चर निम्मं धरतात. मूळ गावाचे दहा गुण, तर विलीन गावाचे पाच."

निकिता हात पुसत जवळ आली. "मंग ते निम्मं पुरं कधी होते, अमरभाऊ?"

"म्हणजे?"

"शंभर वर्षं झाली, दोनशे झाली. गावातले पोट्टे तुमच्याच सणात जन्मले, तुमचीच गाणी म्हणतात. मंग कधी धरता त्याले पुरं?"

अमरदीपने दाढी खाजवली. "नाही होत वहिनी. तसा रूलच नाही. बॅलन्ससाठी. नाहीतर गेम फार सोपा होतो."

"सोपा कोनाले?"

तो प्रश्न त्याला टेक्निकल वाटला, त्यामुळे त्याने त्यावर विचार करतो म्हणून सांगितलं.

एवढ्यात गोमतीबाईंना नवा शोध लागला होता. गाव हाती आलं की जिंकणारा त्याला आपल्या मनाचं नाव देऊ शकतो. एक चौकट उघडते. आतापर्यंत अमरदीप काहीतरी भारदस्त, अमुकपूर-तमुकगड टाकत होता. म्हातारी आज रंगात होती.

"थ्या डोंगराखालच्याले रीता म्हन. अन् हे आत्ताचं, याले निता म्हन." आणि हसून हसून खोकल्या. बाजेवरून हरिसिंगही हसले. अमरदीपने टाइप केलं. पडद्यावर त्या फिक्या लाल झोपड्यांच्या डोक्यावर अक्षरं उमटली. निता. त्याखाली जुनं नाव क्षणभर धूसर दिसलं आणि विरलं.

निकिताही हसली. बाया हसतात तशी. चूल आणि ओट्याच्या मधल्या जागेत उभं राहून हसतात ते हसणं.

"जुनं नाव कुठं गेलं?" तिने विचारलं.

"आत असते. डेटामध्ये. फक्त दिसत नाही."

"काढता येते?"

"प्लेअरला वाटलं तर. पण कोण कशाला काढेल?"

गहू कूलरच्या गारव्यात पिवळट-हिरवे, पण आले. तांड्यातल्या बेबीबाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, गोमतीमावशीच्या डोक्यावरच्या केसाइतके दाट आहेत. म्हणजे फार नाहीत. गोमतीबाईंनी ठेवणीतला कशिद्याचा घागरा नेसला, हातभर बलोया, रुंद पांढऱ्या बांगड्या, चढवल्या. अमरदीपने किती सांगितलं की फक्त आवाज घ्यायचा आहे, कपडे दिसणार नाहीत.

"तुले नाई दिसनार. मले दिसते ना."

दुपारची वेळ. कूलर बंद, पंखा बंद, कोंबड्या डालीखाली, हरिसिंगांना शेजारी पाठवलेलं, कारण त्यांचा खोकला वेळ सांगून येत नाही. अमरदीपने खोलीला गोधड्या टांगल्या होत्या. मधोमध काठीवर माइक, त्याला स्पंजची टोपी, फुटायला आलेल्या कापसाच्या बोंडासारखी. समोर टोपली. सगळ्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

गोमतीबाईंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली ओळ अशी आली की निकिताच्या अंगावर काटा उभा राहिला. म्हातारीचा आवाज अजून आत होता, जुन्या भांड्यातल्या कल्हईसारखा. दुसऱ्या ओळीच्या मधोमध श्वास तुटला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर ओळ खोकल्यातच बुडाली. निकिताने पाठ चोळली, पाणी दिलं. गोमतीबाईंनी पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि टोपलीकडे बोट केलं.

"तू म्हन."

"याडी," अमरदीप मान खाजवत म्हणाला, "वहिनींचा आवाज चांगला आहे, प्रश्नच नाही. पण मी कंपनीला ओरिजिनल सांगितलंय. त्या काय आहेत, ॲक्च्युअली... मूळच्या नाहीत ना."

खोलीत गरम होतंच, आणखी झालं. निकिताच्या मनात येऊन गेलं: दहातले पाच. मनातलं मनातच ठेवणं ही तिची खोड नव्हती, सवय होती. आणि सवय कोणी लावली ते सगळ्यांना माहीत होतं.

"ओरिजिनल?" गोमतीबाई म्हणाल्या. "ओरिजिनल तुही याडी दम्यानं मरून राह्यली. तू म्हन दोन ओळी, तू तं लय ओरिजिनल. म्हन!"

अमरदीपने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला एकही ओळ येत नव्हती.

"मंग चूप बस. म्हनू दे तिले."

निकिता टोपलीसमोर बसली. तिने सुरू केलं तेव्हा आवाज दबका होता, स्वयंपाकघरातला. दुसऱ्या ओळीला तो बाहेर आला. गोधडीच्या फटीतून शेजारच्या अंगणातल्या पोरींनी ऐकलं. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या, अजून हातावर पात्यांच्या चिरा असलेल्या. त्या एक एक करत आत सरकल्या आणि मागून झेलू लागल्या. अमरदीपने हात वर केला, मग खाली घेतला, आणि यंत्रातला काटा बघत राहिला. गाणं वर चढलं, शेवटच्या ओळीपाशी आलं, तिथे जरा थबकलं, एक गिरकी घेतली आणि खाली उतरलं.

"थांब."

गोमतीबाईंचे डोळे उघडे होते. "हे वळन कुठून आनलं?"

निकिताला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, विचारल्यावर कळलं. मालेगावच्या अंगणात, भुलाबाईपुढे, तिची आजी ओळ संपवताना अशीच थबकायची आणि अशीच गिरकी घ्यायची. कधी ते तीजेच्या गाण्यात शिरलं, कोणत्या श्रावणात, पोरींना शिकवताना, कोण जाणे. मुद्दाम तर नक्कीच नाही. मुद्दाम करायची तिची हिंमत झाली नसती.

"आमच्याकडं... भुलाबाईच्या गाण्यात असते."

"आमच्या गान्यात नव्हतं हे."

"नाई याडी."

गोमतीबाई पोरींकडे वळल्या. "तुमी बी असंच म्हनता का वं?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. लखमाची धाकटी म्हणाली, "असंच तं हाय ना आजी थे. दुसरं कसं राहीन?"

"तीन वर्षं झाली ना, उसाच्या फडात बी आमी असंच म्हनतो," दुसरी म्हणाली.

अमरदीपच्या चेहऱ्यावर जाण उजाडली होती. "हे मिक्स झालंय याडी. हे शुद्ध नाही. मी शेवट कापून टाकतो, सॉफ्टवेअरमध्ये येतं करता."

म्हातारीने टोपलीतला एक अंकुर उपटला, मुळाशी बघितलं, परत खोचला. निकिताला वाटलं, आता कापायला सांगणार. तिच्या हिशेबात ते बरोबरच होतं; लाल शहर कधी कोणाचा रंग घेतं?

"कापू नको," गोमतीबाई शेवटी म्हणाल्या. आवाजात माया नव्हती, वैताग होता. "आता पोरींच्या तोंडात बसलं थे. उपडाले गेलं तं गानंच उपडन. राहू दे. मालेगाववाल्यायनं घुसवलं बाप्पा, मले पत्ता बी लागू देल्ला नाई." आणि सुनेकडे तिरका डोळा टाकला. त्या डोळ्यात राग किती आणि चांगल्या खेळाडूने दुसऱ्या चांगल्या खेळाडूला द्यावा तसा मान किती, हे निकिताला नीट वेगळं करता आलं नाही. तिने प्रयत्नही केला नाही. घरात अजून भांडी पडली होती.

गोधड्या उतरल्या, कूलर सुरू झाला. हरिसिंगांना हाक गेली. पोरी टोपली उचलून ओसरीवर घेऊन गेल्या आणि बेमोसम तीजेभोवती, पैंजण नसलेल्या पायांनी, उगाच एक फेर धरून हसत सुटल्या. अमरदीपने कानाला यंत्र लावून गाणं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याची मान हलायला लागली, आणि कोणी बघतंय हे लक्षात येताच थांबली.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "फार चांगलं झालं वहिनी. खेळ संपल्यावर पडद्यावर सगळ्यांची नावं येतात, गायलं कोणी, चित्रं कोणाची. तुमचं टाकतो. निता राजपाल राठोड. बरोबर?"

"बरोबर," गोमतीबाईंनी बलोया उतरवत परस्पर उत्तर दिलं. "दुसरं कोन्तं राहीन?"

निकिता परातीत पीठ घेत होती. ती थांबली. हात झटकले, पदराला पुसले, आणि दिराकडे नाही, सासूकडे बघून बोलली. मघा पोरींपुढे गातानाचा आवाज अजून घशात होता.

"याडी, मले निकिता म्हनत जा."